कोलाड, ऋषिकेश की झंस्कार? घरच्यांना घेऊन राफ्टिंगला जायचं ठरवताना

कोलाडला गाईडने आमच्या सोळा वर्षांच्या लेकीला राफ्टच्या पुढच्या कोपऱ्यात बसवलं आणि तिच्या बाबांना बरोबर तिच्या मागे. पुढचा ज्या लयीत वल्हं मारेल त्याच लयीत मागच्याने मारायचं, नाहीतर वल्ही एकमेकांवर आपटतात. एरवी घरात सगळ्यांना सूचना देणारा माणूस दोन तास लेकीच्या खांद्यांकडे बघत वल्हवत होता. किनाऱ्यावर उतरल्यावर तिने मागे वळून विचारलं, ‘जमलं ना बाबा?’ दहावीच्या वर्षात दोघांमध्ये इतकं सरळ बोलणं झालेलंच नव्हतं.

त्यानंतर आम्ही दिवाळीत ऋषिकेशला गेलो आणि दोन वर्षांनी लडाखमधल्या झंस्कार नदीवर. तिन्ही ठिकाणांत काय फरक आहे असं ओळखीतले बरेच जण विचारतात. त्यातले बहुतेक पाणी किती जोराचं आहे एवढंच विचारतात. ते महत्त्वाचं आहेच, पण कुटुंबासाठी निवडताना मी आधी बघेन की नदीवरून उतरल्यावर आपण किती वेळ एकत्र राहणार आहोत.

कोलाडची कुंडलिका नदी पहिल्या वेळेसाठी उत्तम. मुंबईहून साधारण 120 किलोमीटर. पुण्याहून ताम्हिणी घाटाने गेलात तर वाटेत मुळशीचा जलाशय लागतो, तिथे मुलांना घेऊन पाच मिनिटं थांबा. हेच पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रात वीज तयार करून कुंडलिकेत येतं आणि त्यावरच राफ्ट चालते. 1921 मध्ये सेनापती बापटांनी मुळशी सत्याग्रह केला तो याच धरणाविरुद्ध, हेही त्यांना तिथेच सांगा. पाणी सोडलेलं असल्यामुळे राफ्टिंग पावसाळ्यापुरतं नाही, जवळपास वर्षभर चालतं. मात्र पाणी सकाळी सुटतं, त्यामुळे पहाटे निघावं लागतं किंवा आदल्या रात्री मुक्काम करावा लागतो.

रॅपिडची, म्हणजे नदीतल्या वेगवान खळाळत्या पट्ट्याची, प्रतवारी 1 ते 6 अशी असते, सहावी म्हणजे जवळपास अशक्य. कुंडलिका दोन-तीनमध्ये बसते. अंतर बारा-तेरा किलोमीटर, पाणी थंडगार नाही, नवखा माणूस पडला तरी घाबरून गोठत नाही. उणीव एकच, आणि ती मला मोठी वाटते. दुपारी जेवणाच्या टेबलावर चौघांचे चार फोन बाहेर आलेले असतात. राफ्टमध्ये सात-आठ जण बसतात, म्हणजे चौघांच्या कुटुंबासोबत अनोळखी माणसं येतात. त्यापेक्षा मावशीचं किंवा मित्राचं कुटुंब सोबत घ्या आणि पूर्ण राफ्ट आपली करा. रविवार टाळा.

ऋषिकेशला गंगा आहे, आणि एवढं म्हटल्यावर आमच्या सासूबाईंचा होकार लगेच मिळाला. राफ्टिंगचे टप्पे ठरलेले आहेत: ब्रह्मपुरीहून सुमारे 9 किलोमीटर, शिवपुरीहून 16, मरीन ड्राइव्हहून 24-25 आणि कौडियालाहून 36. पहिल्या दिवशी शिवपुरीच घ्या. ‘रोलर कोस्टर’ आणि ‘गोल्फ कोर्स’ हे रॅपिड त्यातच येतात आणि ते पुरेसे आहेत. कौडियालाच्या टप्प्यातली ‘द वॉल’ हिचं काम वेगळंच, ती राफ्ट उलटवू शकते. चौघांनाही पोहता येत असेल आणि आदल्या दिवशी चौघांनी वल्हं नीट मारलं असेल तरच तिकडे जा.

शांत पात्रात गाईड दोरी धरून पाण्यात उतरायला सांगतो. नोव्हेंबरचं ते पाणी हिमालयातून आलेलं, छातीत धस्स करणारं. आमचा मुलगा राफ्टच्या कडेवर बसून राहिला. मी ‘जा, काही होत नाही’ म्हणत होते, त्याने काहीच होईना. ताई पाण्यातून म्हणाली, ‘मी दोरीच्या या बाजूला आहे,’ तेव्हा तो उतरला. आईने दिलेल्या धिरापेक्षा ते वेगळं होतं, मला ते बघताना कळलं.

ऋषिकेशची अडचण गर्दीची. सुट्ट्यांमध्ये रॅपिडच्या तोंडाशी राफ्टची रांग लागते. जुलै-ऑगस्टमध्ये राफ्टिंग बंद असतं आणि मे-जूनमध्ये झुंबड असते. म्हणून महाराष्ट्रातल्या शाळांच्या दृष्टीने दिवाळीची सुट्टी सर्वांत चांगली. पाऊस संपून पाणी निवळलेलं असतं. तीन रात्री ठेवा. थोडं धाडस असेल तर देवप्रयागहून, म्हणजे जिथे अलकनंदा आणि भागीरथी मिळून गंगा होते तिथून, दोन दिवसांत खाली येणाऱ्या सफरीही आहेत. माझ्या मते कोलाड आणि झंस्कार यांच्या मधली पायरी म्हणून ती सर्वांत योग्य.

आता झंस्कार. पदुमच्या बाजूला राफ्ट सुटते आणि निम्मूला, झंस्कार सिंधूला मिळते तिथे, संपते. मधे चार-पाच दिवस घळीतून प्रवास, दोन्ही बाजूंना उभे कडे, पाणी वितळलेल्या बर्फाचं. रॅपिड तीन-चारच्या प्रतीचे. हिवाळ्यात ही नदी गोठते आणि तिच्यावरून ‘चादर’ ट्रेक होतो. एक गोष्ट आधीच सांगते: निम्मू, पदुम आणि दारचा या गावांना जोडणारा रस्ता मार्च 2024 मध्ये जोडला गेला, त्यामुळे घळीतलं पूर्वीचं निर्मनुष्यपण आता तसंच्या तसं राहिलेलं नाही. तरीही संध्याकाळी काठावर उतरलं की आपणच असतो.

आणि त्या संध्याकाळीच खरं काम होतं. राफ्टवरून सामान साखळी करून उतरवायचं, तंबू ठोकायचे, ओले कपडे दगडांवर पसरायचे, भांडी घासायची. फोनला रेंज नाही, त्यामुळे कुणी कोपऱ्यात जाऊन बसत नाही. तिसऱ्या रात्री मुलाने सांगितलं की अकरावीला त्याने सायन्स घेतलं ते आमच्याकडे बघून, त्याला ते नको होतं. ॲडमिशन होऊन महिनाच झाला होता. त्याचे बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. सकाळी राफ्टवर ते गाईडला विचारून मुलाच्या मागच्या जागी बसले. त्या विषयावर ते दोघं दुपारी, एका सरळ शांत पट्ट्यात, स्वतःहून बोलले. कोलाडला एवढा वेळच नसतो. ऋषिकेशला वेळ असतो, पण बाजार हाताशी असतो.

मात्र झंस्कारची किंमत मोजावी लागते, आणि ती फक्त पैशात नाही. लेह साधारण 3,500 मीटरवर आहे, तिथे निदान दोन रात्री काहीही न करता काढायच्या, मगच पुढे. जाऊन-येऊन दहा-बारा दिवस जातात. हंगाम जुलै-ऑगस्टचा, म्हणजे आपल्याकडे शाळा-कॉलेज सुरू असतात. दहावी-बारावीच्या वर्षी हा बेत करू नका. सोळाच्या आतलं मूल मी नेणार नाही. रक्तदाब, दमा किंवा हृदयाचा त्रास असलेल्याने डॉक्टरांशी बोलल्याशिवाय जाऊ नये.

तर तुमचं धाकटं मूल चौदाचं असेल आणि कुणीच कधी राफ्टमध्ये बसलेलं नसेल, तर कोलाड. त्याहून लहान असेल तर थांबा, बहुतेक ठिकाणी चौदाच्या आत घेत नाहीत आणि ते योग्यच आहे. वर्षात एकच मोठी सुट्टी मिळत असेल आणि आजी-आजोबाही सोबत असतील तर ऋषिकेश. आमच्या सासूबाई सकाळी आमच्यासोबत जीपमधून शिवपुरीपर्यंत आल्या, आम्ही दिसेनासे होईपर्यंत काठावर उभ्या राहिल्या, आणि संध्याकाळी त्रिवेणी घाटावर आरतीला सगळ्यांत पुढे बसल्या. मुलं मोठी झाली असतील, वर्षभरात घर सोडून बाहेर जाणार असतील, तर पैसे साठवा आणि झंस्कारला जा. आमची लेक त्याच सप्टेंबरमध्ये शिकायला बंगळूरला गेली. तिच्या हॉस्टेलच्या खोलीत निम्मूच्या संगमावरचा चौघांचा फोटो आहे, त्यात पुढे ती आणि तिचा भाऊ उभे आहेत आणि आम्ही दोघं त्यांच्या मागे.