विमानतळावरची व्हीलचेअर: सेवा कामाची, पण चार अक्षरं तपासून घ्या

ठाण्यातल्या जवळपास प्रत्येक सोसायटीत मुलांकडे अमेरिकेला नाहीतर दुबईला जाऊन आलेलं एखादं जोडपं सापडतंच. त्यांचा पहिला सल्ला ठरलेला: "तिकीट काढतानाच व्हीलचेअर टाकून घ्या." सल्ला खरा आहे, पण अर्धा. व्हीलचेअर 'टाकली' म्हणून ती मिळतेच असं नाही, आणि मिळाली तरी हवी तिथपर्यंत नेईल असंही नाही.

बुकिंगमध्ये व्हीलचेअर हा शब्द जात नाही, कोड जातो. डब्ल्यूसीएचआर म्हणजे जिना चढता येतो, सीटपर्यंत चालता येतं, फक्त लांबचं अंतर झेपत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे सपाटीवर चालता येतं, जिना जमत नाही. डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंतही न्यावं लागतं. एजंट काय किंवा न्यू जर्सीहून तिकीट काढणारा मुलगा काय, बहुतेक वेळा पहिलाच पर्याय निवडून मोकळे होतात. चूक कळते ती विमान टर्मिनलला जोडणाऱ्या ब्रिजला न लागता लांब मैदानात उभं राहिलं की. तिथे जिना न जमणाऱ्यांसाठी अँब्युलिफ्ट येते, म्हणजे विमानाच्या दाराइतकी वर उचलली जाणारी केबिन असलेली गाडी. 'आर'वाल्याने मात्र शिडी उतरून बसमध्ये चढायचं, असं धरलेलं असतं. गुडघ्यांनी दगा दिलेल्या माणसाने भीड न बाळगता 'एस' मागावा.

मागणी किमान ४८ तास आधी नोंदवा. तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसऱ्या कंपनीचं असेल, तर प्रत्यक्ष उडवणाऱ्या कंपनीला फोन करून खात्री करा. कोड प्रत्येक टप्प्याला, परतीला आणि प्रत्येक माणसाच्या नावापुढे वेगळा नोंदवावा लागतो. दोघांना हव्या असतील तर दोन नोंदी. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबईत उतरलेल्या ८० वर्षांच्या एका प्रवाशाला पत्नीसाठी एकच खुर्ची मिळाल्यावर इमिग्रेशनपर्यंत चालत जावं लागलं. ते तिथेच कोसळले आणि दगावले. त्या दोघांनी दोन्ही खुर्च्या आधी मागितल्या होत्या. विमान कंपनीला ३० लाखांचा दंड झाला. तेव्हा नोंद असूनही खुर्ची आली नाही, तर विमानाच्या दाराशीच बसून राहा. 'थोडंच तर अंतर आहे' म्हणून निघू नका. मुंबईच्या टी-२ वर, म्हणजे टर्मिनल दोनवर, ते थोडं नसतं.

ज्यांचे पाय ठणठणीत आहेत, पण इंग्रजीची किंवा विमान बदलण्याची धास्ती आहे, त्यांनी खुर्ची मागू नये हे आमचं स्पष्ट मत. मोठ्या विमानातून एकदम वीस-तीस खुर्च्यांची मागणी आली की खरी गरज असलेला मागे राहतो. अशांसाठी 'मीट अँड असिस्ट' नावाची वेगळी मदत असते, तिचा कोड एमएएएस. ती कंपनीकडे विचारावी. मुंबई विमानतळावर प्रणाम ही पैसे देऊन घ्यायची सेवाही आहे.

आता घरातून निघण्याचं. आधी तिकिटावर बीओएम आहे की एनएमआय ते बघा. दुसरा कोड नवी मुंबईचा. घोडबंदरहून संध्याकाळी निघणाऱ्याने जेव्हीएलआरचा (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडचा) भरवसा धरू नये; विमानाच्या चार तास आधी टी-२ वर पोहोचेल असं निघावं. खुर्ची गाडीच्या दाराशी उभी असेल असं समजू नका. सोबत्याने आत जाऊन काउंटरवर सांगावं लागतं, आणि सोडायला आलेल्या मुलाला तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत. ढकलणारा माणूस खुर्ची ढकलतो, तुमच्या दोन बॅगा नाही. म्हणून हाताशी एकच लहान बॅग, मांडीवर मावेल अशी.

त्या बॅगेत औषधं. इन्सुलिन चेक-इन सामानात टाकू नका, ते थंडीने गोठून निकामी होऊ शकतं. चिठ्ठीवर औषधाचं ब्रँडचं नाव नको, मूळ नाव हवं. आपल्याकडे सहज लिहून दिली जाणारी ट्रॅमाडॉल आणि प्रीगॅबालिन यूएईमध्ये नियंत्रित यादीत आहेत. तिथे उतरणार असाल तर आधी ऑनलाइन परवानगी काढा.

खुर्चीतून पडणारे बरेच जण उठताना पडतात. पाय टेकवायच्या पट्ट्यांवर जोर देऊन उभं राहिलं की खुर्ची पुढे कलंडते. आधी दोन्ही ब्रेक, मग पट्ट्या वर, मग तळवे जमिनीवर, आणि त्यानंतर उठणं. ढकलणारा घाईत असतो; त्याला थांबायला सांगायचं. सिक्युरिटीला काठी एक्स-रे यंत्रातून जाते आणि कृत्रिम गुडघा दारातून जाताना वाजतो. डॉक्टरांचं पत्र असलं तरी हाताने तपासणी होतेच, पत्रामुळे वाद तेवढा टळतो.

या सेवेची सगळ्यात कच्ची बाजू म्हणजे मधला विमानतळ. खुर्चीवाले विमानातून शेवटी उतरतात, म्हणून तिकिटावरचे दीड तास प्रत्यक्षात तासाभराच्या आत येतात. तीन तासांपेक्षा कमी अंतराचं कनेक्शन घेऊच नये. मोठ्या विमानतळांवर सगळ्या खुर्च्या एका कोपऱ्यात जमवतात आणि पुढच्या फ्लाइटप्रमाणे एकेकाला नेतात. या कोपऱ्यात तास-दीड तास सहज जातो; जवळ खायला काही मिळेलच असं नाही. मधुमेह असेल तर दशम्या, बिस्किटं मांडीवरच्या बॅगेतच असू द्या. बाथरूमला जायचं असेल तर त्या कोपऱ्यात पोहोचण्याआधी सांगा. एकदा माणूस निघून गेला की पुन्हा येईपर्यंत ताटकळणं आलं. बोर्डिंग पास हातातच ठेवा, त्याला देऊन टाकू नका, आणि गेट नंबर स्वतः वाचा. अबुधाबीमार्गे अमेरिकेला जाणाऱ्यांचं अमेरिकेचं इमिग्रेशन अबुधाबीतच होतं, म्हणजे तिथे एक जादा तपासणी. तेवढा वेळ राखा. युरोपातल्या बहुतेक देशांत ऑक्टोबर २०२५ पासून पहिल्या प्रवेशाला चेहरा नोंदवायला लागले आहेत, आणि बोटांचे ठसे घेतात किंवा व्हिसाच्या वेळी दिलेले पडताळतात. भांडी घासून, शेती करून बोटं गुळगुळीत झालेल्यांचे ठसे लवकर उमटत नाहीत. आदल्या दिवसापासून हाताला क्रीम लावा.

काही बिनसलं तर तक्रार कुणाकडे? युरोपात खुर्चीची जबाबदारी विमानतळाची, अमेरिकेत विमान कंपनीची. अमेरिकेत ढकलणाऱ्याला पाच-दहा डॉलर देण्याचा रिवाज आहे. सुटे डॉलर आधीच काढून ठेवा, कारण कार्डाने टिप देता येईलच असं नाही. जपानमध्ये मात्र देऊ नका.

परतताना मुंबईत खुर्ची पट्ट्यावरच्या सामानापर्यंत आणि पुढे बाहेरच्या दारापर्यंत येते. ॲपची टॅक्सी जिथे मिळते त्या पार्किंगपर्यंत येईलच असं नाही. न्यायला येणाऱ्याला आधीच सांगा, गाडीत बसून फोन करत राहू नको, दाराशी येऊन उभा राहा.