नाव आणि चेहऱ्याचा व्यापारी वापर : करार, ट्रेडमार्क की दावा?

सातारा किंवा सांगली जिल्ह्यातील एखाद्या मल्लाने, धावपटूने वा तिरंदाजाने मोठे पदक आणले की चौकाचौकांत अभिनंदनाचे फ्लेक्स लागतात आणि त्यांपैकी काहींवर सराफी पेढीचे किंवा क्लासचे नाव विजेत्याच्या नावाहून ठळक असते. आपल्या नावाचा आणि चेहऱ्याचा धंद्यासाठी होणारा वापर आपल्या हाती ठेवण्यासाठी लेखी करार करावा, नावाचा ट्रेडमार्क नोंदवावा, की विनापरवाना वापरणाऱ्यावर दावा लावावा, हा प्रश्न त्या घरात लवकरच उभा राहतो. या हक्कासाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. त्यामुळे या तिन्ही वाटा निरनिराळ्या कायद्यांतून जातात आणि त्यांचे बळही सारखे नाही. जिल्ह्यात गाजलेल्या पण देशभर न पोहोचलेल्या नावासाठी करार हीच पहिली वाट आहे, असे माझे मत आहे.

करारात रक्कम किती यापेक्षा परवानगीची कुंपणे किती काटेकोर घातली आहेत, याला अधिक महत्त्व द्यावे. कोणत्या मालासाठी, कोणत्या माध्यमात, कोणत्या जिल्ह्यापुरती आणि किती महिन्यांसाठी परवानगी दिली, मुदत संपल्यावर होर्डिंग आणि रील कोण व किती दिवसांत काढणार, तसेच कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला आवाज किंवा चेहरा वापरता येईल की नाही, हे स्पष्ट लिहिलेले असावे. तालमीच्या किंवा प्रशिक्षकाच्या नावे ‘सर्व जाहिरातींचे सर्व हक्क’ देणारे एकपानी संमतीपत्र कितीही आपुलकीने पुढे केले गेले, तरी त्यावर सही करू नये. छायाचित्राचा प्रश्न यापेक्षा वेगळा आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे फोटोचा पहिला मालक सहसा छायाचित्रकार असतो. मात्र स्वतः पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोची मालकी, उलट करार नसेल तर, पैसे देणाऱ्याकडे राहते. म्हणून जाहिरातीसाठी द्यायचे फोटो स्टुडिओत पैसे भरून काढून घेणे आणि पावती जपणे हा स्वस्त शहाणपणा आहे.

खेळाडू अल्पवयीन असेल तर विशेष काळजी घ्यावी लागते आणि आपल्या भागात हे वारंवार घडते. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला तिरंदाजीत जगज्जेती झाली तेव्हा ती सतरा वर्षांची होती. अठरा वर्षांखालील व्यक्तीने स्वतः केलेला करार कायद्याने शून्य ठरतो. त्यामुळे सही पालकांची असावी, मुदत अठराव्या वाढदिवसापलीकडे जाऊ नये आणि पुढचा करार खेळाडूने स्वतः नव्याने करावा.

कराराची मर्यादा उघड आहे. तो सही करणाऱ्यालाच बांधतो. न विचारता फ्लेक्स लावणाऱ्या तिसऱ्या माणसाला तो अडवत नाही. तरीही उद्या न्यायालयात जायची वेळ आली, तर या नावाला बाजारात मोल आहे हे दाखवण्यासाठी जुन्या करारांसारखा दुसरा पुरावा नाही.

ट्रेडमार्क नोंदणीची फी व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केल्यास प्रत्येक वर्गासाठी ४,५०० रुपये असून नोंदणी दहा वर्षे टिकते व पुढे नूतनीकरण करता येते. पण अकादमीसाठी वर्ग ४१ आणि कपड्यांसाठी वर्ग २५ अशी ही नोंदणी मालाच्या किंवा सेवेच्या वर्गापुरती असते. चेहऱ्यावर सरसकट मालकी ती देत नाही. शिवाय नोंदणीनंतर सलग पाच वर्षे चिन्ह वापरलेच नाही, तर ते रद्द करण्याची मागणी होऊ शकते. स्वतःची अकादमी किंवा स्वतःचा माल नसलेल्या खेळाडूने केवळ प्रतिष्ठेसाठी हा खर्च करण्यात अर्थ नाही. त्यातच ट्रेडमार्क कायद्याचे कलम ३५ प्रत्येकाला स्वतःचे नाव प्रामाणिकपणे वापरू देते. क्रिकेटपटू गौतम गंभीर यांनी त्याच नावाच्या उपाहारगृह मालकाविरुद्ध लावलेला दावा दिल्ली उच्च न्यायालयात २०१७ मध्ये टिकला नाही. ज्या मुलखात एका गावात एकाच नावाचे अनेक जाधव आणि पाटील सापडतात, तेथे हे विसरून चालणार नाही.

दोन बाबतींत मात्र ट्रेडमार्क इतर दोहोंच्या पुढे आहे. पहिली बाब न्यायालयाच्या जागेची. नोंदणीकृत चिन्हाच्या भंगाचा दावा कलम १३४ मुळे वादीला स्वतः राहतो त्या जिल्ह्यातही लावता येतो, तर नोंदणी नसेल तर सहसा प्रतिवादी जेथे आहे किंवा दाव्याचे कारण जेथे घडले तेथे जावे लागते. दुसरी बाब वारसांची. जयललिता यांच्याबाबत मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये आणि सुशांतसिंह राजपूत यांच्याबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशी भूमिका घेतली की हा व्यक्तिगत हक्क माणसाबरोबर संपतो. ट्रेडमार्क मात्र मालमत्तेसारखा वारसांकडे जातो. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकून आले आणि १९८४ मध्ये वारले. दिवंगत व्यक्तीचे नाव दुसऱ्या कोणी नोंदवायला गेल्यास ट्रेडमार्क निबंधक वारसांची संमती मागू शकतो, ती अर्जापूर्वीच्या वीस वर्षांत निधन झाले असेल तरच. खाशाबांच्या बाबतीत ती मुदत केव्हाच उलटली आहे. (छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव आणि चित्र यांना १९५० च्या वेगळ्या कायद्याचे संरक्षण असून केंद्र सरकारच्या परवानगीविना त्यांचा व्यापारी वापर करता येत नाही.)

दाव्याचा पाया भक्कम आहे. संमतीविना एखाद्याचे नाव किंवा प्रतिमा जाहिरातीसाठी वापरणे हा खासगीपणाचा भंग ठरू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या राजगोपाल खटल्यात मान्य केले. अमिताभ आणि जया बच्चन यांचे छायाचित्र होर्डिंगवर लावणाऱ्या सराफाला दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मनाई केली आणि अरिजित सिंग यांच्या आवाजाची यंत्राने केलेली नक्कल मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये थांबवली. पण अशा नामवंतांना आपली ओळख सिद्ध करण्यासाठी घाम गाळावा लागत नाही. जिल्हा पातळीवरच्या खेळाडूला आपण ओळखले जातो हेच आधी पुराव्याने दाखवावे लागेल. बातमी, टीका किंवा सामन्याची आकडेवारी यांना या हक्काने अडवता येत नाही. निव्वळ अभिनंदन आणि जाहिरात यांतील रेषा पुसट असली, तरी २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर पी. व्ही. सिंधू यांच्या व्यवस्थापन संस्थेने अभिनंदनाच्या नावाखाली जाहिरात करणाऱ्या ब्रँडना नोटिसा दिल्या होत्या. स्थानिक प्रकरणांत वकिलाची एक नोटीस बहुधा पुरते, असे मला वाटते.

नोटिशीने भागले नाही आणि वादाचे मूल्य तीन लाखांपेक्षा कमी नसेल, तर प्रकरण व्यापारी न्यायालयाच्या कक्षेत जाऊ शकते. तातडीची मनाई मागायची नसेल तर दाव्यापूर्वी मध्यस्थी सक्तीची आहे. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसत असल्याने सातारा-सांगलीच्या पक्षकारांना अपिलासाठी मुंबई गाठण्याची गरज उरलेली नाही. फ्लेक्स मात्र नोटीस पोहोचताच उतरतो. म्हणून आधी दुकानाच्या पाटीसह त्याचे फोटो घ्यावेत, ज्यावरून ते काढले तो मोबाइल जपून ठेवावा आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र वकिलाकडून वेळीच तयार करून घ्यावे.