कोमट पाण्याचे पैसे: विशेष मुलांच्या पोहण्याच्या वर्गाचा काही महिन्यांनंतरचा अनुभव

नूतनीकरणाचा अर्ज हाती आला तेव्हा त्यातील उष्णजल अधिभार दरमहा ६०० रुपयांवरून ९०० झालेला दिसला, आणि त्याच आठवड्यात पाण्याचे तापमान २९ अंश होते. म्हणून हे लिहिणे भाग पडले. पुण्यातील या खाजगी तलावावर विशेष मुलांसाठी सकाळची वेगळी तुकडी चालते, हे बहुतेक पालकांना ठाऊक असेलच. मुले मोजकी, प्रत्येकाबरोबर पाण्यात एक मोठी व्यक्ती, शिट्टी नाही, आरडाओरडा नाही. हे सारे कबूल केल्याप्रमाणे आहे. कबूल केल्याप्रमाणे नाही ते पाणी.

माहितीपत्रकात ३३ अंश छापले आहेत. मी स्वतःचा तापमापक घेऊन जातो आणि वर्ग सुरू होण्यापूर्वी आकडा वहीत लिहितो, याची कर्मचाऱ्यांना आता सवय झाली आहे. २९ म्हणजे काही फार गार नव्हे असे ज्यांना वाटते, त्यांनी लक्षात घ्यावे की पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने अंगातील उष्णता ओढून घेते. स्पर्धेच्या तलावात २५ ते २८ अंश चालतात, कारण तेथील जलतरणपटू सतत हातपाय मारत असतो. माझ्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे. गारठा लागला की तिच्या पोटऱ्या ताठ होतात, टाचा वर ओढल्या जातात आणि अर्ध्या तासाच्या वर्गातील बराच वेळ स्नायू सैल होण्यातच जातो. त्या वेळेचीही फी आपणच भरतो.

ही तक्रार केली तेव्हा व्यवस्थापक म्हणाले, "साहेब, मुरलीकांत पेटकरांनी कुठे कोमट पाणी मागितले होते?" १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक जिंकणारे पेटकर सैनिक होते, सैन्यात मुष्टियोद्धे होते, माझी मुलगी दुसरीत आहे. शिवाय त्यांच्याकडून कोणी अधिभार घेतल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

शिकवण्याविषयी मात्र माझे मत मधल्या काळात बदलले. सुरुवातीला शिकवणाऱ्या ताई मुलीला नुसती पाण्यावर फुंकर मारायला लावत. पाणी तोंडाशी आले की श्वास सोडायचा, एवढेच. दंडाला बांधायचे फुगेही त्यांनी परत पाठवले, आणि ते मी विकत घेतलेले असल्यामुळे मला राग आला. नंतर त्यांनी समजावून सांगितले, की ही हॅलिविक पद्धत असून १९४९ मध्ये जेम्स मॅकमिलन या अभियंत्याने लंडनच्या हॅलिविक शाळेतील शारीरिक अपंगत्व असलेल्या मुलींसाठी तिची सुरुवात केली. फुगे मुलाला पाण्यात उभे धरून ठेवतात, त्यामुळे तोल कसा जातो आणि मान किंवा हात किंचित वळवून तो कसा सावरायचा हे त्याला कधी कळतच नाही; म्हणून या पद्धतीत ती साधने वापरत नाहीत. पाण्याला तोंड लागताच श्वास सोडण्याची सवयही याचसाठी की, अंग अचानक पालथे झाले तरी नाकातोंडात पाणी जाऊ नये.

अलीकडे एके दिवशी ताईंनी तिला पाठीवर तरंगू दिले, आधाराचे हात काढून घेतले आणि तिच्या खांद्यांखाली तळव्यांनी पाणी घुसळत त्या मागे मागे चालू लागल्या. कोणीही धरलेले नसताना मुलगी त्या घुसळणीच्या ओढीने त्यांच्यामागे सरकत गेली. जमिनीवर तिला वॉकरशिवाय चालता येत नाही. त्या दिवशी पाणी ३२ अंश होते, हेही वहीत आहे.

कपडे बदलण्याच्या खोलीत बाक नाही आणि फरशी निसरडी आहे; वॉकर वापरणाऱ्या मुलांच्या पालकांनी रबरी चटई घरून न्यावी.

पुढील तिमाहीची फी मी भरली आहे, अधिभार भरलेला नाही. रोजचे तापमान फलकावर लावल्यास तोही भरेन, असे अर्जावरच लिहून दिले होते. फलक लागला आहे. त्यावर ३३ हा आकडा ऑइल पेंटने रंगवलेला आहे.