मोरेनचं वय काढायचंय: बेरिलियम-10 की कार्बन-14?

दोन्हीत अडकला असशील तर आधी मोरेनवर (हिमनदीने आणून टाकलेला दगडमातीचा ढिगारा) काय सापडतंय ते बघ. कार्बन-14 ला लाकूड, पीट (दलदलीतला अर्धवट कुजलेला पालापाचोळा) असं काहीतरी जैविक लागतं, नेमकं तेच उंचावर मिळत नाही, आणि मर्यादा साधारण 50,000 वर्षं. शिवाय तारीख येते लाकडाची, मोरेन त्याआधीचा की नंतरचा एवढंच कळतं.

बेरिलियम-10 हे अवकाशातून येणारे कॉस्मिक किरण उघड्या दगडातल्या क्वार्ट्झवर आदळून साठत जातं, त्यामुळे त्यात धोंडा बर्फातून उघडा पडल्यापासूनचा काळ थेट मिळतो, फक्त धोंड्यात हे क्वार्ट्झ खनिज हवं (चुनखडीत विसरच). पण धोंडा नंतर उलटला तर वय कमी येतं, आधीच कॉस्मिक किरण खाऊन आलेला असला तर जास्त, म्हणून एका मोरेनचे बरेच धोंडे घ्यावे लागतात आणि लॅबमधे क्वार्ट्झ साफ करणं महाकंटाळवाणं.

मोरेनखाली गाडलेलं झाड मिळालं तर कार्बन, नुसते ग्रॅनाइटचे धोंडे असले तर बेरिलियम.