पॉवर्ड बेस स्पीकरचा फिल्टर: ठरावीक, बदलता की डीएसपी?

वँडरस्टीन कंपनीच्या क्वात्रोसारखे स्पीकर घेतले, की प्रीअँप (व्हॉल्यूम ज्यावर असतो तो पहिला टप्पा) आणि स्पीकर चालवणाऱ्या मुख्य अँपच्या मधे कुठला फिल्टर बसवायचा हा प्रश्न लगेच येतो. या स्पीकरांत बेससाठी वेगळा अँप आतच असतो. बाहेरचा फिल्टर 100 हर्ट्झखालचा आवाज दर सप्तकाला 6 डेसिबलने उतरवतो. त्यामुळे मुख्य अँपवरचा भार हलका होतो, आणि आतला अँप तेवढाच बेस पुन्हा चढवतो. इथे जेवढं काढलं तेवढंच तिथे घातलं गेलं पाहिजे. हा हिशेब चुकला तर महागडा स्पीकरही बेसूर वाटतो.

हिशेब कुठे चुकतो, ते मी स्वतः भोगलंय. साधा फिल्टर म्हणजे अँपच्या इनपुटच्या वाटेत बसवलेला कपॅसिटर. उतार कुठून सुरू होणार, ते त्या कपॅसिटरवर आणि अँपच्या इनपुट इम्पिडन्सवर, म्हणजे आत येणाऱ्या संकेताला अँपचा जो अवरोध असतो त्यावर, ठरतं. माझा जुना अँप 100 किलोओम इनपुट इम्पिडन्सचा होता. त्याला 16 नॅनोफॅरडचा कपॅसिटर बरोबर बसला होता. नंतर अँप बदलला, तो 20 किलोओमचा, आणि फिल्टर मात्र तोच ठेवला. उतार थेट 500 हर्ट्झपासून सुरू झाला. डग्गा कोरडा पडला, तानपुऱ्यातला खर्ज हरवला. कोल्हापूरच्या देवल क्लबमध्ये, गाण्याच्या मैफलीत, समोर बसून तबला ऐकलेल्या कानाला हे फार लागतं. उलट 20 किलोओमसाठी घेतलेला फिल्टर 100 किलोओमच्या अँपला लावला, तर उतार 20 हर्ट्झवर जातो आणि त्या टोकाला सुमारे 11 डेसिबल जास्त बेस खोलीभर घुमतो. फिल्टर न लावता वाजवलं तर स्थिती याहून वाईट.

म्हणून अँप पक्का ठरला असेल, पुढची पाच-सात वर्षं तोच राहणार असेल, तर ठरावीक फिल्टर घ्या. आत फारसं बिघडण्यासारखं काही नसतंच. हाताने बनवणंही अवघड नाही: 47 किलोओमच्या अँपला गणिताने 34 नॅनोफॅरड लागतात, बाजारात 33 चा पॉलीप्रॉपिलीन कपॅसिटर मिळतो, त्याने 103 हर्ट्झ येतो आणि ते चालतं. पत्र्याचा डबा कोल्हापुरात उद्यमनगरातल्या कारखान्यांत हवा तसा करून मिळेल. मात्र डावा-उजवा कपॅसिटर मोजून जुळवा, नाहीतर गायिका मधोमध उभी राहत नाही. आणि नेहमीच्या आरसीए प्लगऐवजी तीन पिनांच्या एक्सएलआरने जोडणार असाल तर अँपचं माहितीपत्रक नीट वाचा. आरसीए आणि एक्सएलआरचा इम्पिडन्स बऱ्याच अँपांत वेगळा असतो.

अँप अजून बदलत असाल तर मी बदलता फिल्टरच सुचवेन. आतल्या छोट्या स्विचांनी इम्पिडन्स निवडता येतो. काहींत 9 व्होल्टची बॅटरी असते. ती आवाज चालवत नाही, कपॅसिटरवर फक्त विद्युतदाब ठेवते, त्यामुळे वर्षानुवर्षं पुरते. म्हणूनच विसरली जाते आणि गळून आतलं खराब करते. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांबरोबर याचीही पूजा होते आणि तेव्हाच बॅटरी तपासली जाते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात स्विच आणि आरसीएचे संपर्क काळवंडतात. अँप बंद करून स्विच चार-पाच वेळा पुढेमागे करावेत, प्लग आयसोप्रॉपिल अल्कोहोलने पुसावेत.

डीएसपीला, म्हणजे आवाज आकड्यांत बदलून काम करणाऱ्या डिजिटल फिल्टरला, एक मोठा फायदा आहे: अँपच्या इम्पिडन्सची काळजी जवळपास उरत नाही. पण पूर्ण आवाज आकड्यांत जाऊन परत येतो. त्यात जास्त तीव्र उतार निवडला तर सगळं फसतं. इथे 6 डेसिबलचाच हवा, 24 चा नको. शिवाय क्वात्रोत खोलीसाठी 11 पट्ट्यांचा ईक्यू, म्हणजे वेगवेगळ्या सुरांची पातळी जुळवण्याची सोय, आधीच असतो. म्हणून माझ्या पसंतीत डीएसपी शेवटी.

कुठलाही घेतला तरी बसवल्यावर मोजा. आवाज अगदी कमी ठेवून 100 हर्ट्झचा सूर लावा आणि अँपच्या आउटपुटवर मल्टिमीटरने एसी व्होल्ट घ्या, आधी फिल्टरशिवाय, मग फिल्टरसह, व्हॉल्यूम न हलवता. पहिला आकडा 1 व्होल्ट आला तर दुसरा 0.7 च्या आसपास यायला हवा. व्हॉल्व्ह अँप असेल तर मोजताना स्पीकर काढू नका.