बारा पाठांतला येशू : एका पत्रद्वारा अभ्यासक्रमाचे परीक्षण

ख्रिस्ती लोक येशूला नेमके कोण मानतात, हे नीट समजून घ्यावे म्हणून गेल्या पावसाळ्यात मी एका संस्थेचा मराठी पत्रद्वारा अभ्यासक्रम पूर्ण केला. संस्थेचे नाव येथे मुद्दाम देत नाही. पुढे काही उणिवा सांगायच्या आहेत, आणि विनामूल्य काम करणाऱ्या माणसांच्या नावाला त्या चिकटाव्यात अशी माझी इच्छा नाही. अभ्यासक्रमात बारा पुस्तिका आहेत. प्रत्येक पुस्तिकेच्या शेवटी प्रश्नपत्रिका असते, ती सोडवून पाठवली की तपासून परत येते आणि सोबत पुढची पुस्तिका मिळते. शुल्क काही नाही; उत्तरे पाठवण्याचे टपाल तेवढे आपले. पहिल्या पाठाबरोबर योहानाच्या शुभवर्तमानाची, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एकाची, खिशात मावेल अशी प्रत येते. मी ख्रिस्ती नाही, माझे घर वारकरी आहे. त्यामुळे हे परीक्षण श्रद्धेचे नसून समजावून सांगण्याच्या कामाचे आहे.

पहिले चार पाठ उत्तम आहेत. सुरुवात फिलिप्पाच्या कैसरियातल्या त्या प्रसंगाने होते, जिथे येशू शिष्यांना आधी ‘लोक मला कोण म्हणतात’ असे विचारतो आणि मग ‘तुम्ही मला कोण म्हणता’ असे विचारतो. पेत्र या शिष्याच्या उत्तरातला ‘ख्रिस्त’ हा शब्द आडनाव नव्हे, तो हिब्रू ‘मशीहा’चा ग्रीक अवतार आहे आणि त्याचा अर्थ ‘अभिषिक्त’ असा होतो, हे पाठात सविस्तर सांगितले आहे. राज्याभिषेक हा शब्द आपल्याला परका नसल्यामुळे मराठी वाचकाला येथे अडखळायला होत नाही. त्याहून चांगला आहे तो ‘मनुष्याचा पुत्र’ या बिरुदावरचा तिसरा पाठ. ‘देवाचा पुत्र’ म्हणजे येशूचे देवत्व आणि ‘मनुष्याचा पुत्र’ म्हणजे त्याचे मनुष्यत्व, अशी सोपी वाटणी मी मनाशी करून ठेवली होती. पाठाने ती मोडली. जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूपूर्वीच्या भागात, ‘देवाचा पुत्र’ हे शब्द दावीदाच्या वंशातल्या राजाला आणि इस्राएल राष्ट्रालाही लावलेले आढळतात. उलट दानिएलाच्या सातव्या अध्यायात आकाशातल्या मेघांवरून येणारा आणि सर्वकाळचे राज्य मिळवणारा जो आहे, तो ‘मनुष्याच्या पुत्रासारखा’ आहे. म्हणूनच अटकेनंतरच्या चौकशीच्या वेळी येशूने दानिएलाचे हे चित्र स्वतःला लावताच महायाजकाने आपली वस्त्रे फाडली.

पाचव्या आणि सहाव्या पाठांत येशूच्या देवत्वाचा प्रश्न येतो. पक्षाघाती माणसाला ‘तुझ्या पापांची क्षमा झाली आहे’ असे म्हणणे, अब्राहामाच्या आधीपासून ‘मी आहे’ असे सांगणे, आणि पुनरुत्थानानंतर थोमाने ‘माझा प्रभू व माझा देव’ असे म्हटल्यावर त्याला न अडवणे, ही सगळी स्थळे एकामागून एक मांडली आहेत. मला त्यातली पटण्याजोगी गोष्ट वेगळीच वाटली. हे सारे म्हणणारे आणि लिहिणारे लोक यहुदी होते. ‘परमेश्वर एकच आहे’ हे वाक्य ते रोज म्हणत आणि माणसाची पूजा हा त्यांच्या दृष्टीने घोर अपराध होता. अशा लोकांनी क्रुसानंतरच्या तीसेक वर्षांत, पौल या आद्य ख्रिस्ती प्रचारकाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात, येशूच्या नावापुढे प्रत्येक गुडघा टेकेल असे म्हणावे, हे साधे घडणे नाही. यशयाच्या ग्रंथात ते शब्द खुद्द परमेश्वराने स्वतःविषयी उच्चारलेले आहेत. पाठाने हा संदर्भ दिला आहे, पण इतक्या बारीक अक्षरात, की तो बहुतेकांच्या नजरेतून सुटेल.

इतिहासाच्या आठव्या पाठात मात्र चूक आहे. अलेक्झांड्रियाचा धर्मोपदेशक अरियस येशूला ‘केवळ माणूस’ मानत होता, असे तेथे छापले आहे. अरियसचे म्हणणे तसे नव्हते. त्याच्या मते पुत्र ही सर्व सृष्टीच्या आधी निर्माण झालेली, सर्वश्रेष्ठ निर्मिती होती. इतर सर्व काही पित्याने त्याच्याद्वारे घडवले, पण ‘तो नव्हता असे एकदा होते’. वाद देव की माणूस असा नव्हता, निर्माता की निर्मिती असा होता, आणि इ. स. ३२५ मध्ये नायसियाला (आजच्या तुर्कस्तानात) परिषदेसाठी जमलेल्या बिशपांनी ‘जन्मलेला, निर्माण केलेला नव्हे’ आणि ‘पित्याशी एकतत्त्व’ हे शब्द का निवडले, ते हा फरक कळल्याशिवाय कळत नाही. ‘एकतत्त्व’ या अर्थाचा होमोऊसिऑस आणि ‘सारख्या तत्त्वाचा’ या अर्थाचा होमोइऊसिऑस यांत ग्रीक लिपीतल्या एका अक्षराचे अंतर आहे, आणि पुढची पन्नासेक वर्षे त्या अक्षरावरून माणसे हद्दपार झाली. नायसियाचा कैवार घेणारा अथनेशियस पाच वेळा हद्दपार झाला. सम्राट कॉन्स्टंटाइनने मतदान घेऊन येशूला देव ठरवले, या आजकाल सर्रास ऐकू येणाऱ्या समजुतीला पाठाने दिलेले उत्तर चांगले आहे : शेवटपर्यंत मान्यता नाकारणारे बिशप दोनच होते, आणि वादातल्या दोन्ही बाजू येशूची उपासना आधीपासूनच करत होत्या.

आता मुख्य तक्रारीकडे वळतो. हे पाठ मराठीत लिहिलेले आहेत, पण मराठी माणसासाठी लिहिलेले नाहीत. पानोपानी लेखक एका काल्पनिक वाचकाशी वाद घालतो आणि तो वाचक म्हणतो, की येशू हा एक थोर नीतिशिक्षक होता, देव वगैरे काही नव्हता. असा वाचक कोठेतरी असेलही. माझ्या शेजारच्या घरात देव्हाऱ्याशेजारी साईबाबांच्या तसबिरीला लागून येशूचे कॅलेंडर टांगलेले आहे आणि त्या घरातल्या आजी दोघांनाही उदबत्ती ओवाळतात. येशू देव आहे, हे त्यांना पटवून द्यावे लागत नाही. त्या लगेच म्हणतील, ‘आहेच की.’ ख्रिस्ती श्रद्धेत आजींना खरोखर चकित करील अशी गोष्ट दुसरी आहे : हा देव खराखुरा, अखेरपर्यंत, आणि आजही माणूस आहे.

अभ्यासक्रमात अवताराविषयी एकच परिच्छेद आहे. येशू हा ‘एकमेव अवतार’ आहे, एवढे सांगून तो थांबतो. संख्येचा फरक तेवढा सांगितला आणि स्वरूपाचा फरक गाळला, असे येथे झाले आहे. ‘संभवामि युगे युगे’ या वचनातला देव गरजेप्रमाणे येतो आणि कार्य संपले की निजधामाला जातो. रामाने सीतेसाठी केलेला विलाप आपण वाचतो, डोळे पुसतो आणि कीर्तनकाराने ती नरलीला होती असे सांगितले की समाधान पावतो. (सगळेच कीर्तनकार तसे सांगत नाहीत, हे कबूल करायला हवे.) ख्रिस्ती परंपरेने मात्र येशूची भूक, थकवा, लाजर या मित्राच्या थडग्यापाशी गाळलेले अश्रू आणि क्रुसावरची वेदना यांना लीला म्हणण्यास पहिल्या पिढ्यांपासून कडाडून विरोध केला. त्याचे शरीर भासमान होते असे म्हणणाऱ्या पंथाचा प्रतिवाद योहानाच्या पहिल्या पत्रातच सापडतो. यामुळेच जाणकार मराठी ख्रिस्ती लेखक ‘अवतार’ऐवजी ‘देहधारण’ हा शब्द पसंत करतात.

या बाजूचा सगळा इतिहास अकराव्या पुस्तिकेत अर्ध्या पानात उरकला आहे, आणि तोच सर्वांत रसाळ आहे. चौथ्या शतकात अपोलिनारिस नावाच्या बिशपाने असे मांडले, की येशूचे शरीर माणसाचे होते, पण बुद्धीच्या जागी दैवी ‘शब्द’, म्हणजे देवाचा सनातन पुत्रच, होता. नाझियान्झसच्या ग्रेगरीने त्याला दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे : जे धारण केले नाही, ते बरेही झाले नाही. माणसाचे मनच बिघडलेले असेल आणि ख्रिस्ताने ते मन घेतलेच नसेल, तर त्याने वाचवले काय? इ. स. ४५१ मध्ये कॅल्सीडन येथे, म्हणजे आजच्या इस्तंबूलच्या कादिकोय भागात, परिषदेने ठरवले की ख्रिस्त हा एकच व्यक्ती असून त्याच्या ठायी दैवी आणि मानवी ही दोन स्वरूपे मिसळ न होता, बदल न होता, फाळणी न होता आणि वियोग न होता आहेत. चारही शब्द नकारार्थी आहेत. हे एकत्व कसे घडते ते परिषद सांगत नाही, कोणत्या चार चुका करू नयेत एवढेच सांगते, आणि हा संयम मला आवडला. पुढे ६८०–६८१ च्या परिषदेने येशूला मानवी इच्छाशक्तीही होती, असे जाहीर केले. ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको’ ही गेथशेमाने बागेतली प्रार्थना त्याशिवाय नाटक ठरली असती. या मतासाठी मॅक्सिमस नावाच्या वृद्ध संन्याशाची जीभ आणि उजवा हात ६६२ मध्ये तोडण्यात आला होता. अभ्यासक्रमात त्याचे नावही नाही. कॅल्सीडनची भाषा न स्वीकारणाऱ्या कॉप्टिक, आर्मेनियन आणि केरळातल्या मलंकरा ऑर्थोडॉक्स परंपरा येशूचे मनुष्यत्व तितकेच पूर्ण मानतात, हेही यायला हवे होते.

आणि मराठीतले काहीच नसावे, याचे नवल वाटते. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या जेझुइट संघातल्या इंग्रज कॅथलिक धर्मगुरूने ख्रिस्ताचे चरित्र ओवीत रचले आणि ते १६१६ मध्ये छापले गेले. स्वर्गाला वैकुंठ म्हणावे की नाही, हा प्रश्न त्याने आपल्यासाठी चारशे वर्षांपूर्वी हाताळला होता. पंडिता रमाबाईंचा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला, पण नंतरच्या पत्रव्यवहारात त्यांनी त्रित्वावर (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या शिकवणीवर) आणि ख्रिस्ताच्या देवत्वावर आपल्या ख्रिस्ती शिक्षिकांना निर्भीडपणे प्रश्न विचारले, ‘चर्च सांगते म्हणून’ हे उत्तर मानले नाही, आणि पुढे केडगावला मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर १९२२ मध्ये मृत्यूपर्यंत केले. शंका घेणाऱ्या वाचकासाठी याहून जवळचे उदाहरण कोणते असेल?

छपाई स्वच्छ आहे, शुद्धलेखनाच्या चुका थोड्या आहेत, आणि वाक्ये अनुवादित वाटली तरी कळतात. पुस्तिका यायला सरासरी दोन आठवडे लागले. सातवी हरवली होती, ती कळवताच पुन्हा आली. शेवटच्या पानावर ‘आपल्यासाठी प्रार्थना करावी का’ असा एक रकाना असतो. मी तो कोरा सोडला आणि त्यावरून मला कोणी एकदाही छेडले नाही, याची नोंद करायलाच हवी. घाईत असलेल्याने तिसरा, पाचवा आणि सहावा पाठ वाचावा; आठव्यातल्या अरियसवर विसंबू नये.

अकराव्या प्रश्नपत्रिकेखाली मी एक प्रश्न लिहिला होता : तो दिवस आणि ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही, असे मार्काच्या तेराव्या अध्यायात येशू स्वतः म्हणतो, मग तो देव कसा? छापील उत्तर येईल असे वाटले होते. त्याऐवजी तपासनिसांचे निळ्या शाईतले दोन पानी पत्र आले. प्राचीन धर्मपित्यांपैकी, म्हणजे पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती आचार्यांपैकी, काहींनी हे अज्ञान येशूच्या मानवी स्वरूपाचे मानले आणि काहींनी ‘सांगण्यासाठी ठाऊक नाही’ असा अर्थ घेतला, असे त्यांनी लिहिले होते. स्वतः ते पहिल्या बाजूचे होते, कारण बाळ येशू ज्ञानाने वाढत गेला असे लूक सांगतो आणि वाढणाऱ्याला आधी काहीतरी ठाऊक नसावे लागते. बाराही पुस्तिकांत जे मला मिळाले नव्हते, ते त्या दोन पानांत होते. ते पत्र मी अकराव्या पुस्तिकेतल्या त्या अर्ध्या पानाला टाचून ठेवले आहे.