ठाणे ते गुलमर्ग: स्नोबोर्डिंगचे कपडे, दहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या नोव्हेंबरात मी स्नोबोर्डिंगसाठी जॅकेट, पँट आणि आतले कपडे घेतले. जानेवारीअखेरीस सात दिवस आणि मार्चमध्ये पाच दिवस ते गुलमर्गला अंगावर होते, आणि त्यानंतरचा सबंध पावसाळा घोडबंदर रोडवरच्या आमच्या घरी कपाटात. एवढ्या वापरानंतर माझे एक मत पक्के झाले आहे: नवशिक्या बाईने पैसे आधी पँटवर खर्च करावेत, जॅकेटवर नंतर.

मी नेमके उलट केले होते. ठाण्यात थंडी म्हणजे पहाटे पंखा बंद करण्यापुरती, त्यामुळे खरेदी करताना मनात धास्ती होती ती फक्त गारठ्याची. बजेटचा मोठा भाग गडद निळ्या, जाड अस्तराच्या जॅकेटवर गेला आणि पँट स्वस्तातली घेतली. तिच्या लेबलवर ‘वॉटरप्रूफ’ असे छापलेले होते, पण किती, याचा आकडा नव्हता. स्कीवाले उभ्या उभ्या बूट अडकवतात. स्नोबोर्ड, म्हणजे दोन्ही पाय आडवे बांधायची एकच फळी, शिकणारी मात्र मागचा पाय पट्ट्यात अडकवण्यासाठी प्रत्येक वेळी बर्फात बसते, फळीच्या टाचेकडच्या कडेवर तोल गेला की पाठीमागे आदळते आणि बोटांकडच्या कडेवर गेला की गुडघ्यांवर. दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीवर येऊन पँट उलटी केली, तेव्हा बैठकीच्या मधल्या शिवणीवर ओलीची लांबट रेघ उमटली होती आणि आतली थर्मल लेगिंग तेवढ्याच भागात चिंब झाली होती. पाणी कापडातून आलेच नव्हते. शिवणीला आतून पट्टीच लावलेली नव्हती.

मार्चच्या फेरीआधी बिब पँट घेतली, 15,000 मिलिमीटर क्षमतेची (म्हणजे तेवढ्या उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब कापडाने सोसावा अशी) आणि सगळ्या शिवणींना आतून पट्टी असलेली. पाच दिवसांत ती एकदाही आतून ओली झाली नाही. छातीपर्यंत येत असल्यामुळे पडल्यावर कमरेतून बर्फ शिरत नाही, आणि स्त्रियांसाठीच्या कटमध्ये मागच्या बाजूला चेन असल्यामुळे स्वच्छतागृहात सगळे कपडे उतरवावे लागत नाहीत. ही सोय मला फार मोलाची वाटते. माप घेताना दुकानातच थर्मल घालून उकिडवे बसून पाहावे. पुरुषांच्या मापाची पँट मला कमरेला ढगळ आणि नितंबांवर घट्ट झाली होती.

जॅकेट वाईट नाही. जानेवारीत, गोंडोलाच्या (केबल कारच्या) दुसऱ्या टप्प्यावर, अफरवाट शिखराजवळ साधारण 3,900 मीटरवर वारा सुटला तेव्हा मी त्याचे मनापासून आभार मानले. परंतु नवशिक्यांचा सराव खाली, साधारण 2,650 मीटरवरच्या उतारांवर चालतो, तिथे बोर्ड हातात घेऊन वर चढताना घाम फुटतो, आणि मार्चच्या उन्हात तर ते नकोसे झाले. पुन्हा घ्यायचे झाले, तर बिनअस्तराचे जॅकेट, आत फ्लीस आणि मेरिनो लोकरीचा थर असेच घेईन. सुती बनियन मात्र नको, कारण ते घाम धरून ठेवते आणि थांबल्यावर अंग गार पडते. मोजेही एकच जोडी, पातळ. दोन जोड्या घातल्या की बुटात घड्या पडून पाय घासले जातात.

रंगाबद्दल: ढगाळ दिवशी धुक्यात गडद निळा चटकन नजरेत येत नाही. बहिणीचे केशरी जॅकेट मला लांबून दिसायचे, म्हणून सुंदर दिसणे आणि ठळक दिसणे या दोन्ही गोष्टी साधणारा रंग निवडणे मला योग्य वाटते.

आपल्याकडचा खरा प्रश्न पावसाळ्याचा आहे. उष्ण, दमट हवेत अशा कपड्यांच्या आतला, पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा (एक प्रकारच्या प्लास्टिकचा) थर हळूहळू सुटू लागतो. मी दोन्ही कपडे फॅब्रिक सॉफ्टनर न घालता धुतले, पूर्ण वाळवले, दाबून बॅगेत न भरता रुंद हँगरवर टांगले आणि कपाटात ओल शोषणारे डबे ठेवून ते दर पंधरवड्याला बदलले. सप्टेंबरात बाहेर काढले तेव्हा बिब पँटचे अस्तर गुळगुळीत, कोरडे होते. स्वस्त पँट मात्र मी जूनमध्ये घाईने घडी करून खालच्या खणात टाकली होती, तिच्या आतला थर गुडघ्यापाशी पापुद्र्यासारखा सुटून बोटांना चिकटत होता.